जिनिंग लेआउटमधले शेजारी

कारंजा गावातल्या आमच्या जिनिंग लेआउटमध्ये संध्याकाळी चार माणसं ओट्यावर बसली की असले किस्से आपोआप निघतात. एकानं एक सांगितला की दुसऱ्याजवळ दोन तयार! पूर्वी इथं कापसातून सरकी काढायची जिनिंग फॅक्टरी होती. ती बंद पडली, पाडली, प्लॉट पडले आणि मी हौसेनं इथं घर घेतलं. आमची सौ. मात्र वर्षभरातच म्हणायला लागली, "इकून टाका हे घर." मला काही ते सोडवत नव्हतं.

*

पहिला अनुभव तिचाच. गच्चीवरून वाळलेले कपडे आणले, तर सगळ्यांवर पांढरी रुई. मी म्हटलं, वाऱ्यानं आली असेल. तेवढ्यात शेजारच्या गावंडेवहिनींनी भिंतीवरून विचारलं, "तुमच्याकडं गादी पिंजून राह्यले काय? दिवसभर आवाज येते!"

आमच्याकडे सगळ्या गाद्या फोमच्या आहेत.

*

समोरच्या देवळेनं नळासाठी खड्डा खोदला, तर हातभर खाली मूठभर सरकी निघाली. देवळे कृषी खात्यात. "इतकी जुनी सरकी उगवत नसते," असं लेक्चर देऊन त्यानं ती कुंपणापाशी फेकली. आठव्या दिवशी साहेब गुपचूप तिथं पाणी घालताना सापडले!

*

गावंडेवहिनींचे वडील कामरगावहून आले होते. तरुणपणी त्यांनी याच जिनिंगमध्ये हमाली केलेली. कापसाला आग लागू नये म्हणून तेव्हा कामगारांची माचिस गेटवरच काढून घेत. बिडीशिवाय बुवांना चैन पडत नाही, पण त्या दिवशी जेवण झालं तरी नुसतेच बसलेले. मी माचिस पुढे केली, तर दचकले.

"तुमी आत कशी आनली? माही तर आत्ताच गेटवर काढून घेतली!"

आमच्या लेआउटला गेट नाही.

*

शेवटी मी हार मानली आणि गिऱ्हाईक बोलावलं. सौ.चं म्हणणं एकच: "भाजी निवडाले बसली का बाजूले कोनीतरी सरकून मले जागा देते."

शेलूबाजारचे एक मास्तर घर पाहायला आले. सोबत त्यांची म्हातारी आई. तिनं कधीकाळी इथंच बाकीच्या बायांसोबत बसून कापसातला कचरा निवडलेला. मास्तर खोल्या मोजत होते, आणि म्हातारी सरळ स्वयंपाकघरात जाऊन फरशीवर बसली. रिकाम्या कोपऱ्याकडे पाहून म्हणाली, "शांते, अजून एकलीच बसून राह्यली काय वो?"

म्हातारी कुणाचं तरी ऐकल्यासारखी बराच वेळ मान डोलवत राहिली. मग सौ.ला म्हणाली, "भेऊ नका बाई. शांता तुमाले आपल्यातलीच समजून राह्यली."

मास्तरांना घर पसंत पडलं. चहा झाला, बोलणी पक्की होत आली, आणि सौ. आतून येऊन उभी राहिली.

"घर इकाचं नाही."

मी चिडलोच. "अगं, वर्षभर तूच डोकं खाल्लंस ना?"

ती खालच्या आवाजात म्हणाली, "आपन गेल्यावर ते एकटी पडन ना!"