पुण्याला न जाण्याचं कारण

बाबांच्या बदलीची ऑर्डर आली त्याच संध्याकाळी आईने कलकत्त्यातल्या गार्डन रीचच्या क्वार्टरचे पडदे उतरवायला घेतले. रेल्वेच्या नोकरीत इतकी वर्षं बंगालात काढल्यावर शेवटी पुणं मिळालं होतं. मी म्हटलं, "मी येत नाहीये."

मी कमी बोलते, त्यामुळे माझ्या वाक्यांना घरात वजन आहे. आई हातात पडदा घेऊन स्टुलावर तशीच उभी राहिली.

बाबांना हसू आलं. "अगं, तू डोंगरातले फोटो काढतेस. आणि राहणार कुठे, तर कलकत्त्यात? इथे फ्लायओव्हर सोडला तर चढ नाही. पुण्यात अख्खा सह्याद्री आहे."

"सह्याद्रीत दर रविवारी माणसांपेक्षा कॅमेरे जास्त असतात," मी म्हटलं. "तिथे मला कोण ओळखतं?"

कलकत्त्यात मात्र मला लोक ओळखतात. संध्याकाळी सियालदहला गाडीत बसलं की सकाळी मी हिमालयाच्या पायथ्याशी असते. या शहरात गिर्यारोहणाचे क्लब गल्लोगल्ली आहेत, आणि थंडी पडली की ते पुरुलियाच्या टेकड्यांवर कातळचढाईचे कॅम्प लावतात. शिखरावर झेंडा रोवणाऱ्यांचा फोटो वर्षातून एखाद्या वेळीच माझ्या वाट्याला येतो. बाकी वर्ष चालतं ते या कॅम्पवर, तंबू आणि बूट बनवणाऱ्यांच्या कॅटलॉगवर, डोंगरातल्या होम-स्टेवर. फोटो मी कायमचे विकत नाही, वर्षापुरते वापरायला देते. हे सगळं मी बाबांना सांगितलं.

त्यांनी एकच प्रश्न विचारला. "दुसऱ्यांदा कोण बोलावतं?"

"बरेच जण."

"मला बघायचंय."

म्हणून डिसेंबरात ते माझ्याबरोबर पुरुलियाला आले. त्यांचं मत काय होतं यावर माझं राहणं ठरणार होतं, कारण आईने निर्णय त्यांच्यावर सोडून दिला होता.

शिकणाऱ्यांच्या आधी मी वर जाते आणि बाजूला दोराला लटकून थांबते. त्या सकाळी पन्नाशीच्या एक बाई चढत होत्या. कानांवर माकडटोपी, तिच्यावर हेल्मेट. अर्ध्या वाटेत त्या अडकल्या, पुढची पकड सापडेना. खालून त्यांचा दोर धरलेला प्रशिक्षक शांतपणे पाय कुठे ठेवायचा ते सांगत होता. तेवढ्यात खालून ओळखीचा आवाज आला.

"अगं, घे ना फोटो! मॅडम, इधर देखिए! स्माइल!"

बाईंनी मान वळवली आणि पाय सुटला. दोराने त्यांना धरलं, पण त्या कातळावर आपटून झोका खात राहिल्या. मी कॅमेरा उचललाच नाही, मी त्यांच्या दोराकडे बघत होते.

"कौन चिल्लाया?" क्लबचे सेक्रेटरी गरजले. सगळे त्यांना दादा म्हणतात. "इधर सिर्फ वो बोलेगा जो दोड़ी पकड़ा है! बाकी सब चुप!"

ऑफिसात बाबांशी असं कुणी बोललं नसेल. ते एका दगडावर जाऊन बसले. बाईंनी दम घेतला, पुन्हा पकड शोधली आणि वर पोचल्या. तेव्हा मी फोटो काढला. त्यांना मी तिथे असल्याचं आठवतही नव्हतं, आणि म्हणूनच तो चांगला आला.

जेवणाच्या सुट्टीत दादा दोन चहा घेऊन बाबांजवळ गेले. "सर, बुरा मत मानिए. पहले एक फोटोग्राफर आता था, सबको स्माइल-स्माइल बोलता था. आदमी कैमरा देखेगा कि पत्थर? उसको फिर नहीं बुलाया. आपका लड़की हर साल आता है. मुँह से एक बात नहीं बोलता."

"घर पे भी नहीं बोलती," बाबा म्हणाले. तेव्हा दादा इतके हसले की त्यांचा चहा सांडला.

परतीच्या गाडीत बाबांनी मला बरंच विचारलं. आजारी पडलीस तर? पन्नाशीत दोराला लटकणार का? मी म्हटलं, तोवर मी दुसऱ्यांना लटकवत असेन. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "बराकपूरला खोली बघ. तिथून सियालदह सोयीचं पडेल. आईला मी सांगतो."

त्यांनी सांगितलं नाही, ते मलाच करावं लागलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पण खोली बघायला आली आणि घरमालकिणीला नळापासून कडीपर्यंत सगळं विचारून गेली.

आईबाबा निघाले त्या दिवशी माझा दुसऱ्या एका क्लबचा कॅम्प होता. स्टेशनवर सोडायला येऊ का, असं मी फोनवर विचारलं, कॅम्प रद्द करायची तयारीही दाखवली.

"बोलावलंय ना त्यांनी?" बाबा म्हणाले. "मग जा."