झाकण न उघडणाऱ्या बरण्या

भट्टीत फवारलेल्या सोड्याची वाफ नेमकी कुठवर पोहोचते, हा माझा प्रश्न होता. त्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे, अशी त्या वेळी माझी पक्की समजूत होती.

शाळेत विज्ञान शिकवून उरलेल्या वेळासाठी मी कळंबला घरामागे भट्टी बांधली होती. रीत अशी: भट्टी पांढरीफटक तापली की धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून आत फवारायचा. त्याची वाफ जाळाबरोबर फिरते, तापलेल्या मातीवर बसते आणि तिचीच झिलई होते. जाळ जिथून गेला तिथे चमक, जिथे अडला तिथे कोरडेपणा.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात पत्नीच्या महिला मंडळाने लोणच्याची सहकारी संस्था काढली. ईट गावाहून आणलेल्या कैऱ्यांच्या फोडी मीठ लावून तयार होत्या. बरण्या मी देणार होतो, आणि फोडी फार दिवस थांबणाऱ्या नव्हत्या.

मी फवारत असताना शेजारच्या आजी कुंपणाशी थांबल्या.

"गुरुजी, माणसं टँकरच्या वाटंकडं डोळं लावून बसलीत, अन् तुमी जाळात पाणी घालायलात व्हय?"

"आजी, हे शास्त्र आहे."

"मग असू द्या. मला वाटलं, उन्हानं काही झालं."

बरण्या झाकणांसकट भाजायच्या होत्या. बूड भट्टीतल्या फरशीला चिकटू नये म्हणून त्याखाली मी झिलई सहज न धरणाऱ्या चिनी मातीच्या गोळ्या लावल्या. झाकणांखाली लावल्या नाहीत. बंद जागेत वाफ शिरत नाही, हे मी मंडळाला फळ्यावर आकृती काढून समजावले होते. आकृती सुबक होती.

भट्टी निवल्यावर सारे मंडळ जमले. बरण्या मधाच्या रंगाच्या, लकाकणाऱ्या. पत्नीने झाकण फिरवून पाहिले, फिरले नाही. मग मी फिरवले, तेव्हा बरणीच फिरली. वाफ आत शिरली नाही, हे माझे म्हणणे खरे ठरले होते. तिने बाहेरूनच सांधा बुजवला होता. जाळ न पोहोचलेल्या कोपऱ्यातील बरण्यांची झाकणे तेवढी सुटली, पण झिलई न बसल्याने त्या पाणी भरताच पाझरल्या.

"हवाबंद झाल्यात," मी म्हणालो.

"लईच," पत्नी म्हणाली. "अहो, आता लोणचं काय बाहेरून लिंपायचं?"

मग तिने फोडी माळवदावर पसरायला घेतल्या. उन्हाची टंचाई नव्हती. फोडी वाळून आंबोशी उत्तम झाली आणि कागदी पुड्यांत बांधून विकली गेली. पुढच्या भाजणीत मी झाकणांखालीही गोळ्या ठेवल्या; दांडक्याने हलके ठोकताच झाकणे सुटली. तोवर मंडळाने लोणच्याचा विचार सोडून आंबोशीच धरली होती. एक बंद बरणी आजही आमचे दार अडवायला उपयोगी पडते.

वाचकांनी माझ्या शब्दावर विसंबू नये. घरातील जुन्या बरणीचे झाकण काढून, ते जिथे टेकते त्या कडेवर बोट फिरवावे. तिथे झिलई आहे की नाही, हे कृपया स्वतः तपासून पाहावे.