कोपरचं बंद दार

बेल दाबायच्या आधी ते चष्मा शर्टाच्या टोकाला पुसून घ्यायचे. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, “माणूस नीट दिसला पाहिजे ना.”

ते ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयातले बेलिफ, म्हणजे नोटिसा घरोघर पोचवणारे. कोर्टाची पायरी चढला असाल तर असा माणूस तुम्ही पाहिला असेल, पण लक्षात ठेवला नसेल. मी तेव्हा वकिलीत अगदी नवा. मला ते ‘वकीलसाहेब’ म्हणायचे, तेही चिडवायला.

आमची अशील सात वर्षांच्या मुलीची आई. घटस्फोटाच्या वेळी बापाला शनिवारची भेट मिळाली होती, ती तिला बंद करून हवी होती. नोटीस हातात पडली की बाप आपली बाजू मांडणार. दाराला कुलूप म्हणून ती दारावरच डकवली, तर प्रकरण एकतर्फी चालणार आणि त्याची मुलगी तुटणार.

बापाचं घर दाखवायला मी बेलिफांबरोबर कोपरला गेलो. कुलूप होतंच. मी तयारीनिशी आणलेली डिंकाची बाटली पुढे केली. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही, शेजारची बेल वाजवली. शेजारच्या मावशींनी सांगितलं, ते तर दोन महिन्यांपूर्वीच घोडबंदरला राहायला गेले.

“नवीन पत्ता माहितेय का, वकीलसाहेब?”

मी नाही म्हटलं. पत्ता माझ्याच अक्षरात फाइलमध्ये होता आणि फाइल माझ्या काखेत. मी ज्यांच्या हाताखाली शिकत होतो, त्या सीनियर वकिलांनी नोटीस जुन्या पत्त्यावर काढायला सांगितली होती, मी मान डोलावली होती.

तरी मी डकवा म्हणून मागे लागलो. ते जिन्यावर टेकले आणि अहवाल लिहू लागले, की इसम येथे राहत नाही, सबब नोटीस परत.

“बंद दाराला काय कळणार, आपली पोरगी चाललीय ते?” लिहिता लिहिता म्हणाले.

सीनियरांनी मला झापलं. पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी नवा पत्ता मागितला आणि तो द्यावाच लागला. घोडबंदरलाही बेलिफांबरोबर मलाच पाठवलं. दार बापाने उघडलं. नोटीस वाचता वाचता तो उंबऱ्यातच खाली बसला. या शनिवारी मुलीला आणायला जाऊ की नको, एवढंच त्याने विचारलं.

“कोर्ट नाही म्हणेपर्यंत जायचं. आणि तारखेला येऊन आपलं म्हणणं सांगायचं,” बेलिफ म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “बरोबर ना, वकीलसाहेब?”

विरुद्ध बाजूचा वकील मी. तरी हो म्हणावं लागलं.

बाप तारखेला आला. न्यायाधीशांनी दोघांचं ऐकलं, मुलीशी वेगळं बोलल्या आणि शनिवार कायम ठेवला. आम्ही हरलो. मला हायसं वाटलं, पण ते सीनियरांना सांगायची सोय नव्हती.

बेलिफ निवृत्त व्हायच्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये भेटले. धीर करून मी त्यांना सांगितलं, कोपरला मला पत्ता माहीत होता.

“ते तेव्हाच कळलेलं मला. कशी घट्ट धरलेली फाइल,” ते म्हणाले. “अहवालात लिहिणार होतो. पण नवीन पोरगा, वकिलीच्या सनदेवर यायचं, म्हणून सोडलं.” त्यांनी उरलेला चहा बशीत ओतला. “लिहायला पाहिजे होतं. त्या बापाशी बरोबर नाही वागलो मी.”

गेल्या वर्षी ते गेले. तो अहवाल अजून दप्तरात असेल. त्यातली एक ओळ त्यांनी माझ्यासाठी गाळली आणि त्याचा दोष स्वतःकडे घेऊन गेले. मी त्याच कोर्टात वकिली करतो.