सातशे चाळिसावी ओळ

सत्त्याऐंशी साली सरकारी शाळेत कॉम्प्युटर आला आणि श्रावण धकाते मास्तरांनी वेळापत्रक लावणारा प्रोग्राम लिहिला. नागपूरभर डंका वाजला. मग कुहीच्या शाळेतल्या कुसुमावतीबाई वही घेऊन हजर झाल्या.

"सर, अख्खा प्रोग्राम मले उतरून घेऊ द्या न."

मास्तरांनी झटकन कॉम्प्युटर बंद केला. सातशे चाळिसाव्या ओळीत त्यांनी गुपचूप लिहिलं होतं, की धकात्यांना शेवटचा तास कधीच द्यायचा नाही! ती पुसावी, तर पुढल्या वर्षी शेवटचा तास गळ्यात पडणार. वाचली गेली, तर सगळी अब्रू लोक चहात बुडवून खाणार.

"मेहनत माही आहे, बाई," ते गुरगुरले.

घरी मास्तरांचं हे रडगाणं ऐकून वडील नानाजी हातमागावर विणता विणताच म्हणाले, "लुगडं उलटून पाहू देत नाई, थो कोष्टी कच्चा असते गा."

झक मारत मास्तरांनी प्रोग्राम उतरवू दिला आणि महिनाभर तोंड लपवत फिरले. मग बाईंचं पत्र आलं.

"सर, प्रोग्राम झकास चालून राहिला. तुमच्या दोन चुका दुरुस्त करून सोबत पाठवल्या. सातशे चाळिसावी ओळ तशीच ठेवली. फक्त तुमच्या जागी माहं नाव टाकलं."