उलट्या आट्यांचा नट

आपल्या हातून सुटणार नाही असा नट अजून जन्माला यायचाय, असं नळराजाचं ठाम मत होतं. नळाची कामं करता करता त्याचे केस पिकले होते आणि गल्लीने त्याचं नावच नळराजा पाडलं होतं. घरची राणी मात्र त्याला "अहो" म्हणायची, तेही बहुतेक वेळा कचरा बाहेर ठेवायची आठवण करून द्यायला. नट गंजलेला असो की भिंतीत अर्धा गाडलेला, नळराजाचा उपाय एकच. पान्याच्या दांड्यावर लांबलचक लोखंडी पाइप चढवायचा आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकायचा. एका लॉजमध्ये त्याने असाच भार टाकला, तेव्हा नट सुटला, नळ सुटला आणि मागची भिंतही थोडी सुटली. लॉजचा मालक कपड्यांसकट न्हाला. ही गोष्ट सांगून झाली की नळराजा वर विचारायचा, "पण सुटला की नाही?"

थोरला भाऊ याच्या अगदी उलट. तो मोटारसायकलींचा मिस्त्री. घरात दादा, गावभर मिस्त्री. गाडी दारात यायच्या आधीच आवाजावरून तिचं दुखणं ओळखायचा. त्याच्या गॅरेजात पान्याला पाइप लावायची सक्त मनाई होती. "अरे, नट का येत नाही ते आधी त्याला विचार. मारझोड कसली करतोस?" असं म्हणायचा आणि पाइप लावणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवायचा. एकदा सख्ख्या मेव्हण्यालाही पाठवला होता. वहिनीने दोन दिवस अबोला धरला, पण दादा काही बधला नाही.

असा हा दादा गेला आणि मागे राहिली त्याची स्वतःची जुनी मोटारसायकल. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचं इंजिन उतरवून फळीवर ठेवलेलं होतं. लोकांच्या गाड्या दुरुस्त करता करता घरची तेवढी राहून गेली होती. ते इंजिन एकदा चालू झालेलं ऐकायचं, असं वहिनीने मनात घेतलं.

"वहिनी, मी आहे ना," नळराजा म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

काम सुरू झालं. तो फळीपुढे, वहिनी बाजूच्या स्टुलावर. वहिनीने आयुष्यात पाना धरला नव्हता, पण नवऱ्याच्या तोंडचं एकूण एक वाक्य तिने सांभाळून ठेवलं होतं.

"हे म्हणायचे, बोल्ट काढला की पुठ्ठ्यावर त्याच्या जागीच खोचून ठेवायचा."

"ठेवतो, वहिनी."

"हे म्हणायचे, घासलेटने धुतलं की लगेच कोरडं पुसायचं."

"पुसतो."

"हे म्हणायचे, चहा थंड करून प्यायचा असेल तर मग पाणीच का पिऊ नये."

नळराजाने चहा उचलला. त्या शेडमध्ये बसलं की दादा कोपऱ्यात उभा राहून दोघांवर नजर ठेवतोय असं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं.

शेवटी क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, टोकावरच्या छोट्या दातेरी चाकाचा नट उरला. वहिनी चहाचे कप घेऊन आत जाता जाता दारात थांबली.

"भाऊजी, तो नट उलट्या आट्यांचा आहे बरं का. हे म्हणायचे, तो उजवीकडे फिरवला की सुटतो."

नळराजाला हसू आलं. "वहिनी, आटे कधी उलटे असतात का? ढिले असतात, तेही माणसांचे."

वहिनीही हसली आणि आत गेली. नळराजाने पाना लावला आणि डावीकडे जोर दिला. नट हलेना. जास्त जोर दिला, तरी नाही. मग दाराकडे एकदा बघून त्याने कोपऱ्यातला पाइप उचलला, पान्यावर चढवला आणि अंग टाकलं. नट सुटायच्या ऐवजी आवळत गेला, आवळत गेला, आणि कट्कन आवाज झाला. नळराजा ढुंगणावर आपटला. पान्यात नट होता आणि नटात क्रँकचं तुटलेलं टोक.

आतून वहिनीचा आवाज आला. "काय झालं हो?"

ती दारात येईपर्यंत पाइप फळीखाली गेला होता. आणि नळराजाच्या तोंडून जे निघालं ते त्याचं त्यालाच नवीन होतं.

"आधीच चिरलेला होता, वहिनी. मी उजवीकडेच फिरवत होतो. दादानेच मागे कधीतरी पाइप लावून आवळला असणार."

वहिनी त्या तुकड्याकडे बघत राहिली.

"यांनी? पाइप लावून?"

"घाईत असेल. माणूसच तो."

"असेल," वहिनी म्हणाली.

एवढंच. रडली नाही, वाद घातला नाही. पण पुढच्या खेपेला नळराजा शेडमध्ये गेला तर स्टूल रिकामं होतं. चहा आला, फळीवर ठेवला गेला, आणि तो कसा प्यायचा हे कोणीच सांगितलं नाही. त्याने मुद्दाम एक बोल्ट पुठ्ठ्यावर भलत्याच जागी खोचला आणि वाट पाहिली. वहिनीने पाहिलं आणि ती आत निघून गेली. नळराजाने तो बोल्ट गुपचूप योग्य जागी लावला. त्याचे कान तापले होते.

घरी बायको म्हणाली, "अहो, वहिनी हल्ली दादांचं नावसुद्धा काढत नाहीत. गेलेल्या माणसाशी भांडण झाल्यासारखं वागतात. तुमच्या काही लक्षात आलंय का?"

"माझ्या काय लक्षात येणार," नळराजा ताटात बघत म्हणाला. माणूस गेला होता तरी घरात बोलत होता, आणि आपण एका वाक्यात त्याचं तोंड बंद केलं, हे त्याला तिथे ताटावर बसल्या बसल्या कळलं. तरी तो उठला नाही. आज सांगू, उद्या सांगू, नवा शाफ्ट आला की सांगू, असं करत त्याने शरम नुसती पुढे ढकलली. ढकलली तशी ती वाढत गेली.

मग वहिनीच लेथवाल्याकडे जाऊन आली. लेथवाला म्हणजे मशिनवर लोखंडी भाग कातून देणारा, दादाचा जुना दोस्त. शेडच्या दारात उभं राहून तिने सांगितलं, "शाफ्ट नवा करून देतो म्हणालेत. कोणी मोडला विचारत होते. मी सांगून टाकलं, यांनीच. पाइप लावून. तर हसले. म्हणाले, म्हणजे मिस्त्रीही आतून आपल्यासारखाच निघाला." मग म्हणाली, "माझ्या भावाला हाकललं होतं हो यांनी. पाइपवरून."

नळराजाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं असं त्याला झालं. पण खाली फरशी होती, ती काही दुभंगायची नाही.

"वहिनी, दादाने नाही लावला."

"काय?"

"पाइप. मी लावला. आणि डावीकडे फिरवला."

"मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलं होतं."

"मग यांचं नाव का घेतलंत?"

"तुम्ही दारात आलात म्हणून," तो म्हणाला, आणि ते कानावर पडताच त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वहिनीने पायात चपला सरकवल्या. "चला."

"कुठे?"

"लेथवाल्याकडे. मी यांचं नाव सांगून आले, आता तुम्ही तुमचं सांगा."

लेथवर गिऱ्हाईकं उभी होती. नळराजाने त्यांच्यापैकी निम्म्यांच्या घरचे नळ बसवले होते. त्याने घसा खाकरला आणि सगळं सांगितलं, मशिनच्या आवाजात. लेथवाल्याने मशिन बंद केलं.

"ऐकू नाही आलं. पुन्हा सांग."

शांततेत पुन्हा सांगावं लागलं.

"पाइप केवढा होता?"

नळराजाने दोन्ही हात पसरून दाखवला.

"क्रँकला? अरे, एवढ्याने तर विहिरीचा पंप उपटून येईल." लोक हसले. लेथवाला हसला नाही. वहिनीकडे वळून म्हणाला, "माझंही चुकलं, वहिनी. मी लगेच विश्वास ठेवला." आणि शाफ्टचं माप पुन्हा घ्यायला वाकला. परत येताना वहिनी पुढे चालत होती आणि नळराजा चार पावलं मागे.

नवा शाफ्ट आला. नळराजाने सवयीने पाना उचलला, तर वहिनीने हात पुढे केला.

"तो इकडे द्या. तुम्ही बॅटरीचा उजेड धरा."

त्याने बॅटरी धरली. वहिनी नट डावीकडे आवळत गेली, हळूहळू, मध्येच थांबून नवऱ्याचं काहीतरी आठवत, स्वतःशीच पुटपुटत. प्रकाश थरथरला की नुसतं म्हणायची, "हात." मग तो हात स्थिर करायचा.

इंजिन चालू झालं, तेही बरेच दिवस खोकून आणि शिंकून झाल्यावर. आवाज ऐकून शेजारी गोळा झाले. एक जण नळराजाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "वा, नळराजा, इंजिनसुद्धा जमतं की तुला."

वहिनी नळराजाकडे बघत उभी राहिली.

"वहिनींनी केलं," तो म्हणाला. "मी बॅटरी धरली होती."

"आणि मोडलं कोणी होतं म्हणे?" गोळा झालेल्यांतून कोणीतरी विचारलं.

"तेही मीच," नळराजा म्हणाला आणि मान खाली घालून पुठ्ठ्यावरची रिकामी भोकं मोजल्यासारखं करत राहिला.