उजव्या बाजूचा पत्रा

व्हॅन आम्हा दोघा भावांची आहे. शेताच्या वाटणीत तलावाखालचं ओलिताचं शेत दादाकडे गेलं आणि मला कोरडी बरड मिळाली. बरडीवर धान होत नाही हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलणारा मी एकटाच होतो. ते मी विसरलेलो नाही. पुढे पंपाच्या जळालेल्या मोटारी भरायचं, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळायचं काम शिकलो, हात बसला, आणि आंधळगावकडचे शेतकरी पंप बंद पडला की मला बोलवू लागले. जुनी व्हॅन घेतली तेव्हा निम्मी किंमत त्याची, निम्मी माझी. म्हणून दिवसही वाटले. तीन दिवस तो धानाच्या रोवणीला जाणाऱ्या बायका आणि बाजाराचा भाजीपाला नेणार, तीन दिवस मी तिच्यात दुकान मांडून शेतोशेत फिरणार.

माझं दुकान म्हणजे दोन उंच लोखंडी कपाटं. त्यांत तांब्याची तार, बेअरिंग, वार्निश, अवजारं. ती बोल्टने बसवलेली असत, आणि दादाच्या दिवसाआधी दर वेळी काढावी लागत. मी गाडीखाली पान्हा घेऊन पडायचो, बायको वरून बोल्ट धरायची. दोनदा तिची बोटं सोलली. शेवटी ठरवलं, खटक्याचे माउंट घ्यायचे. कपाटाच्या मागची लोखंडी जीभ गाडीला ठोकलेल्या खाचेत बसते आणि स्प्रिंगची पिन ती धरून ठेवते. कडी ओढली की कपाट मोकळं.

नागपूरला दुकानदाराने सांगितलं, एका कपाटाला चार लागतात. दोन खाली, दोन वर. मी भाव पाडायला बसलो. तो उतरेना. दोनदा उठलो. दुसऱ्या वेळी पायरीवरून त्याने परत बोलावलं. मी म्हटलेल्या रकमेत द्यायला तयार झाला, पण कपाटामागे फक्त खालचे दोन. म्हणाला, "ऊपर का बाद में ले जाना." मी एका माउंटला दोन्ही हातांनी लटकून पाहिलं. ते हललं नाही. मला वाटलं, माणसाला धरतं ते कपाटाला का नाही धरणार. मी एका जागी लटकलो होतो आणि भरलेलं कपाट वळणावर झोल खातं, हा विचार त्या दिवशी केला नाही. जिंकून आल्यासारखा परतलो.

बसवायला जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला एक म्हातारा फिटर होता. त्याने आधी कपाट भरून वजन करायला लावलं. मग म्हणाला, एक कपाट डावीकडे, एक उजवीकडे, म्हणजे भार सारखा पडेल. पण दिवसांसारख्या गाडीच्या बाजूही आम्ही वाटल्या होत्या. उजवी दादाची, आणि तिच्या पत्र्याला भोकं पाडायला त्याने साफ नाही म्हटलं होतं. बायका तिथे पाठ टेकून बसतात, बोल्टाचं टोक लागेल, असं त्याचं म्हणणं. मी टोकावर रबरी टोपण लावतो म्हटलं, तरी नाही. मग माझं डोकं फिरलं. चार लोकांसमोर मी तलावाखालच्या शेतापासून सगळं काढलं. तो एवढंच म्हणाला, "तुया अर्ध्यात काय करायचं ते कर गा."

दोन्ही कपाटं डावीकडे, एकामागे एक बसली. फिटरने खालून जाड लोखंडी पट्ट्या दिल्या. वरच्या माउंटबद्दल विचारलं, तेव्हा मी नंतर बघू म्हटलं आणि वरून हूकवाला कापडी पट्टा बांधला. जाताना तो म्हणाला, "मी खालचं बसवलं. वरचं बसवलं नाही, हे ध्यानात ठेवा." मला ते टोचलं. पैसे देताना त्याच्याशीही मी घासाघीस केली.

काही महिने छान गेले. एकटा माणूस दोन्ही कपाटं चहा निवायच्या आत काढू शकत होता. गावातले लोक कडी ओढून बघायला यायचे.

उन्हाळी धानाच्या दिवसांत दादाच्या शेतातली मोटार जळाली. दिवस माझा होता, दोघं त्याच्या शेताकडे निघालो. पुढच्या सीटवर दुसऱ्या गिऱ्हाइकाची मोटार होती, म्हणून दादा मागे, आपल्या उजव्या बाजूला पाय पसरून बसला. तलावाच्या पाळीवरच्या, बांधावरच्या वळणावर शेळी आडवी आली. मी ब्रेक मारला, गाडी वळवली. पट्ट्याचा हूक निघाला. खालच्या पिना जागच्या जागी राहिल्या, पण एका कपाटाचा मागचा पत्राच फाटला आणि तांब्याने भरलेलं ते कपाट दादाच्या पायावर आलं.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात पायात सळई टाकली. भेटायला येणाऱ्यांना तो सांगायचा, रस्त्यावर गड्डा होता. गड्डा नव्हता. तो मला शिव्या देईल याची मी वाट पाहत होतो. उत्तर तयार होतं, भोकं पाडू दिली असती तर हे झालं नसतं. पण तो मोटारीचं काय झालं तेवढंच विचारायचा. मग एक दिवस वहिनी दवाखान्याच्या जिन्यात म्हणाली, "हे रोज म्हंतेत, म्या तो पत्रा अडवला नसता तं पाय धड राह्यला असता."

मी जिना उतरून खाली गेलो. खरं मला ठाऊक होतं. वरचे माउंट गाडीच्या डावीकडच्या खांबाला लागणार होते, माझ्याच अर्ध्यात. तिथे मला कोणी अडवलं नव्हतं.

दादाला आता चिखलात उभं राहता येत नाही. शेत त्याने अर्ध्या पिकाच्या वाट्यावर, बटईने दिलं. मी कपाटं पडवीत उभी केली आणि पंप दुरुस्तीला जाणं बंद केलं. बायकोला सांगितलं, गाडीचं काम आहे. एका सकाळी दादा काठी टेकत आला आणि व्हॅनजवळ उभा राहिला.

"उजवीकडं पाड भोकं."

"बायांचं काय?"

"टोपण लावतो म्हनत होतास ना."

मला राग आला. इतकं सोपं होतं तर तेव्हा काहून नाही म्हटलं, असं मी विचारलं.

"तेव्हा तू इचारत नव्हता," तो म्हणाला. "भांडून राहिला होता."

फिटरला पुन्हा आणलं. या वेळी वरचे माउंट घेतले, चारही. कपाटांच्या मागे अँगलची चौकट मारली, म्हणजे पिना पत्र्याऐवजी चौकटीला धरतील. एक कपाट डावीकडे, एक उजवीकडे. सगळं भरून झालं तसा दादा मागचं दार उघडून दोन्ही कपाटांच्या मधे गाडीच्या तळावर बसला.

"समोर बस, दादा."

"हितंच बसतो. चल."

मी गाडी सुरू करणार नाही म्हटलं. त्याने आतून दार ओढून घेतलं.

मी बैलगाडीसारखी चालवली. त्याने पत्र्यावर थाप मारली. "रोज असाच जातोस का कामावर? जोरात घे." पाळीच्या वळणावर मी जोरात घेतली, वळवली आणि ब्रेक मारला. आरशात दिसलं, त्याने दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरले होते. कपाटं हलली नाहीत. हात खाली यायला वेळ लागला.

मी गाडी बाजूला घेतली, मागे जाऊन दार उघडलं, आणि सांगितलं. की वरचे माउंट लागतात हे दुकानदार म्हणाला होता, फिटर म्हणाला होता, आणि मी पैसे वाचवायला सोडले. की ते माझ्या बाजूला लागणार होते. की त्याच्या पत्र्याचा त्यात काही संबंध नव्हता.

त्याने तलावाकडे पाहिलं. पाणी खूप खाली गेलं होतं.

"कितीक पैसे वाचले होते?" त्याने विचारलं.

मी आकडा सांगितला. त्याने तो एकदा हळू म्हणून पाहिला. मग हात पुढे केला, मी त्याला उतरवलं.

परत येताना तो समोरच्या सीटवर बसला. मी सावकाश चालवली, आणि या वेळी तो जोरात घे म्हणाला नाही.