अन्सारचा वाली

बदरुद्दीन मुन्शी तसा वाईट नव्हता, पण हातात कागद आला की त्याला समोरचा माणूस दिसत नसे. मंगरूळपीरच्या यतीमखान्यात अनाथ पोरांची नोंद तोच करी. मानमोडीच्या साथीत मायबाप गेलेला आसेगावचा आठ वर्षांचा अन्सार दारात आला, तेव्हा मुन्शी म्हणाला, "तुह्यासाठी अंगठा देनारा वाली आण."

अनाथ पोरानं वाली आणावा कुठून? पण त्यानं आणला. बाजारात पोरांकडून खिसे कापून घेणारा करामत! मुन्शी त्याला चांगला ओळखत होता. तरी त्यानं करामतचा अंगठा कागदावर उमटवून घेतला आणि वर म्हणाला, "आता तुले वाली हाय, मंग यतीमखाना कायले पायजे?"

त्या दुपारी मुन्शीनं भरलं ताट बाजूला सारलं. पण उठून पोराला परत बोलवायलाही तो गेला नाही. पुढं बाजारात अन्सार दिसला की तो गल्ली बदली.

चार वर्षांनी अन्सार खिसा कापताना सापडला. लोक तुटून पडले. मुन्शीही गर्दीत होता.

"कोनाचा रे तू?" शिपायानं दरडावलं.

पोरानं ओठावरचं रक्त पुसलं आणि मुन्शीकडे बोट केलं.

"मुन्शीजीले इचारा. त्यायनं लिहून ठेवलं हाय."